गळ्यावरचा तळवा

“पनिते, तुझा भाऊ आलाय गं बाहेर!”

मी सुताच्या कांड्यांच्या पेटीवर वाकले होते. भोवती सगळे माग सुरू होते, धोटे आपटत होते. तरी आत्यांचे शब्द मला लख्ख ऐकू आले. हातातली कांडी तशीच टाकून मी वळले, “सुहास? कधी आला?” म्हणत दाराकडं धावले, पदर सावरत बोळात आले. बोळात कुणी नव्हतं. समोरच्या पायरीवर एक कोंबडी मान तिरकी करून माझ्याकडं बघत होती, तेवढीच.

आत परतले तर सगळे हसत होते. माग दुरुस्त करणारा यल्लाप्पा जॉबर तोंडावर फडकं धरून हसत होता. माझ्या जाऊबाई, अक्का, तेवढ्या खाली बघत होत्या. आणि सुताच्या बीमशेजारी माझे नवरे, दिगंबर, उभे होते. त्यांना कारखान्यात एरवी कधी असं मुद्दाम बोलावून आणलेलं मी पाहिलं नव्हतं.

“बगितलंस न्हवं दिगू?” आत्या म्हणाल्या. “पाठमोरी हुती. माजं तोंडबी दिसत न्हवतं तिला. एवढ्या गदारोळात आमाला तोंड बगितल्याबिगर काय कळत न्हाई, आनि हिला पाठीमागनं भाऊ आल्याला कळतोय. मग घरात लेकरू रडून रडून निळं पडलं तवा कान कुटं गेलं हुतं? आता ह्येला काय म्हनायचं ते तूच म्हन.”

दिगंबरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला आपल्या अंगावरचे कपडेही चोरीचे वाटावेत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. सासरे मी येण्याआधीच गेले होते, आणि कारखाना आत्यांच्या जिवावर चालायचा. जिवावर म्हणण्यापेक्षा कानावर. कुठला माग बिघडणार ते त्यांना आधी कळतं अशी ख्याती होती. मागाच्या लोखंडी चौकटीवर तळवा ठेवून त्या घटकाभर उभ्या राहायच्या, डोळे अर्धवट मिटून, आणि म्हणायच्या, “यल्लाप्पा, ह्येला बग. ह्यो कनतोय.” यल्लाप्पा खोलून बघायचा तर खरंच काहीतरी ढिलं झालेलं असायचं. दुसऱ्या कारखान्यांतले लोकसुद्धा त्यांना बोलवायचे. “हावळांच्या म्हातारीचा कान,” असं म्हणायचे.

माझ्या कानांचं दुखणं माझ्या लेकीच्या, ठकूच्या, वेळी सुरू झालं. बाळंतपणानंतर घरातली माणसं मला कापसातून बोलल्यासारखी वाटायला लागली. अक्का स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, मी पुढच्या सोप्यात धान्य निवडत बसलेली असायची. त्या हातात उलथनं घेऊन समोर येऊन उभ्या राहायच्या तेव्हा कळायचं की हाक मारून झाली आहे. आत्यांचं तेवढं ऐकू यायचं. त्यांचा आवाज घरातही कारखान्यातल्यासारखाच चढा असे. त्यावरून अक्का एकदा म्हणाल्या होत्या, “आत्यांची हाक बरोबर ऐकतीस की गं. आमची तेवढी ऐकू येत न्हाई.” त्या चिडून बोलल्या नव्हत्या, थकून बोलल्या होत्या. पण आत्यांनी ते ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि धरून ठेवलं.

गंमत अशी, की कारखान्यात गेलं की मला सगळं ऐकू यायचं. माग सुरू झाले की बाकीचे खुणांवर आणि ओठांवर यायचे, आणि मी मात्र मान खाली घालून कांड्या भरता भरता सगळ्यांच्या गप्पा ऐकायची. लग्नाच्या मांडवात, बाजारात, एसटीतही तसंच. मलाच माझं कोडं पडलं होतं. मलाच कळत नव्हतं तर इतरांना काय सांगणार?

सोमवारी वीज नसायची. माग बंद, बोळ गप्प. अशाच एका सोमवारी ठकू माडीवर झोळीत झोपली होती. मी मागच्या दारी तिची लंगोटं धूत होते. ती उठली, रडली, झोळीत उलटी होऊन अडकली. मला काहीही ऐकू आलं नाही. अक्का देवळातून आल्या तेव्हा त्यांनी धावत जाऊन तिला बाहेर काढलं. मी वर गेले तेव्हा ठकू अक्कांच्या खांद्यावर हुंदके देत होती, ओठ निळसर झालेले, आणि तिची मूठ अक्कांच्या मंगळसूत्रात अडकलेली. अक्कांना मूल नाही. ती मूठ त्यांनी सोडवली नाही.

त्या दिवसापासून ठकू अक्कांजवळ झोपायला लागली. मला पाजण्यापुरती मिळायची. पाजून झालं की अक्का दारात उभ्याच असायच्या, हात पुढं करून, काहीशा ओशाळलेल्या.

आणि आता कारखान्यातली ही परीक्षा.

“हिला विट्याला धाड,” जेवताना आत्या म्हणाल्या. मी समोरच वाढत होते. “कामाची हाक आली की भैरी, भावाचं नाव काढलं की शानी. आईच्या घरात बसू दे, कान उगडंपतुर. लेकरू हितंच ऱ्हाईल. तसंबी आता अंगावरचं दूद तोडायचंच हाय.”

“आई, एकदा डॉक्टरला दाखवू,” दिगंबर म्हणाले. ते वाक्य मला आजही आठवतं. माझ्यासाठी म्हणून ते तेवढं एक बोलले. “मिरजेला कानाचे चांगले डॉक्टर आहेत. ते म्हणाले ढोंग, तर ढोंग.”

“दाकवू की. पर तू न्हाई जायाचं. तुला ही रडून गुंडाळती. मी घिऊन जातो. डाक्टरला बी सांगतो, काय काय करती त्ये.”

“आणि डॉक्टर म्हणाले खरंच बिघाड आहे, तर?” मी विचारलं. “तर ठकू माझ्याजवळ झोपेल?”

आत्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. “तर झोपंल,” त्या म्हणाल्या.

मिरजेचे डॉक्टर मणेरीकर वयस्कर होते, केस पांढरे, हाताला साबणाचा वास. आत्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कोंबडीसुद्धा सांगितली. डॉक्टरांनी मध्ये न टोकता बोलू दिलं, मग कपाळावरचा दिवा लावून माझ्या दोन्ही कानांत पाहिलं.

“मळ नाही. पडदे छान आहेत.”

“बगा!” आत्या म्हणाल्या. “मी म्हनलंच हुतं. कान साप हायत.”

“दार चांगलं आहे म्हणून घरात सगळं ठीक असतं असं नाही, आजी,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक लोखंडी काटा काढला, दोन लांब दात असलेला. “नादकाटा. शाळेत पाहिला असशील तू. डोळे मिट. आवाज येतोय तोवर गप्प बस, थांबला की बोट वर कर.”

काटा त्यांनी कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. माझ्या डोक्यात कुणीतरी भरून सूर लावला. इतका स्पष्ट, इतका जवळचा आवाज मी ठकू झाल्यापासून शांत खोलीत ऐकला नव्हता. मला रडूच यायला लागलं. सूर विरत गेला, मी बोट वर केलं. लगेच त्यांनी काटा कानासमोर धरला.

“आता?”

“काही नाही.”

पुन्हा आपटला. आता आधी कानासमोर धरला. लांबून डास गेल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच संपलं. मी बोट वर केलं. त्यांनी तोच काटा हाडावर टेकवला, आणि सूर पुन्हा डोक्यात उभा राहिला.

“येतोय! परत येतोय.”

“चांगल्या कानाचं याच्या उलट असतं,” डॉक्टर म्हणाले. “हाडावरचा आवाज संपला तरी हवेतला येत राहतो. तुझ्या कानाला हवेतून कमी आणि हाडातून जास्त येतंय.” ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, अगदी समोर. “मला सांग, गोंगाटात तुला जास्त चांगलं ऐकू येतं का? एसटीत, लग्नात? कारखान्यात?”

मी नुसती मान हलवत राहिले. ज्या गोष्टीसाठी मी घरात खोटी ठरले होते ती गोष्ट हा माणूस आपणहून विचारत होता, ताप येतो का विचारावं तशी.

“रडू नको. हे ढोंग नाही, आजी. पडद्याच्या मागं तीन बारकी हाडं असतात. शेवटचं घोड्याच्या रिकिबीसारखं. ते हललं की आवाज आत जातो. हिची रिकीब जाम झालीय.”

“बेरिंग जाम झाल्यागत?” आत्यांनी विचारलं.

“अगदी तसंच.”

“मग त्याल सोडलं तर?”

“तेल नाही! कानात तेल अजिबात नाही. ऑपरेशन आहे, चांगलं होतं. नाहीतर मशीन. बाळंतपणात हे वाढतं कधी कधी. पुढच्या वेळी हिच्या मालकांना घेऊन या, मी समजावतो.”

“पर गदारोळात ऐकू येतंय त्ये कसं?”

“मागाचा आवाज हिच्यापर्यंत निम्माच पोचतो. पण तुम्ही सगळी त्या आवाजावर आवाज चढवून बोलता, ते हिला नीट पोचतं. शांत घरात माणसं हळू बोलतात. ते नाही पोचत.”

आत्या डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे घरात पाठ करून हळू बोललं, तर हिला कायबी कळनार न्हाई?”

“काहीही नाही,” डॉक्टर म्हणाले. ते खूश झाले, की म्हातारीला नेमकं समजलं. मीही खूश झाले.

पण आत्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी पदर खोचला. “मला लावा त्यो काटा. माजा कान कसा हाय ते सगळ्या इचलकरंजीला ठावं हाय. मला दोनीकडं सारकाच आला, तर मी मानीन की काटा खरा.”

डॉक्टरांनी हसून त्यांना डोळे मिटायला सांगितलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. काटा आपटून हाडावर टेकवला. आत्यांनी बोट वर केलं. कानासमोर धरला. बोट हललं नाही. मग जरा वेळानं, अंदाजानं वर केल्यासारखं, वर गेलं. तोवर काटा थंड झालेला होता.

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी काट्याचे दोन्ही दात चिमटीत घट्ट दाबून धरले आणि न वाजवताच दांडा आत्यांच्या कपाळावर टेकवला.

आत्यांनी तात्काळ बोट वर केलं. “हां. येतोय की. झकास घुमतोय.”

डॉक्टर त्यांच्या बाजूला गेले. मग नेहमीच्या आवाजात, कानाशेजारीच, म्हणाले, “आजी, चहा घेणार?”

आत्या डोळे मिटून, बोट वर करून बसल्या होत्या. “घुमतोय अजून,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडं वळले. त्यांची पाठ आत्यांकडं होती आणि ओठ मला दिसत होते. “यांचं घरात कुणाला माहीत आहे?”

मी मान हलवली, नाही.

“मागावर जन्म गेला की असं होतं. आतली नस जाते, तिला ऑपरेशन नाही. मी सांगू, की तू सांगतेस?”

मी आत्यांकडं पाहिलं. डोळे मिटलेले, कपाळावर घामाचा थेंब, बोट अजून वर. शाळेत उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या मुलीसारखं. “मी,” मी म्हणाले.

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. पत्रा खडखडत होता, काचा थरथरत होत्या, आणि मला सगळं ऐकू येत होतं. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या माझ्याकडं वळल्या.

“मी डोळं झाकलं हुतं तवा तू काय बगितलंस?”

खोटं सांगायला हवं होतं की काय, कोण जाणे. “शेवटच्या वेळी त्यांनी काटा वाजवलाच नव्हता, आत्या.”

आत्यांनी माझे शब्द ओठांवरून उचलले. चेहरा हलला नाही. समोरच्या सीटच्या दांड्यावर त्यांचा तळवा होता, त्यातून गाडीची थरथर त्यांच्या कोपरापर्यंत चढत होती.

“लगीन हून आलो त्या वर्सापासनं मागावर हाय मी,” त्या म्हणाल्या. “कवा गेलं ते कळलंबी न्हाई. आदी चिमन्या गेल्या. मग देवळातली घंटा. मग मानसं. हाताला कळतंय म्हनून भागतंय. पोरांना कळलं, तर काय करतील सांग? थोरला म्हनंल, आई, बस आता घरात, जप कर. आनि कोपऱ्यात बसल्याल्या भैऱ्या म्हातारीला कोन इचारतंय?”

“मी नाही सांगणार कुणाला.”

“शपथ?”

“ठकूची शपथ नाही घेणार. पण नाही सांगणार.”

आत्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांच्या तळव्याला इतके घट्टे होते की तो हात लाकडाचा वाटला. “मग मीबी तुजं बराबर सांगतो. घरी गेल्या गेल्या सांगतो. लेक तुज्याजवळ झोपंल आज.”

मी त्या हातावर माझा दुसरा हात ठेवला. मला त्या वेळी वाटलं होतं, या घरात आता माझं कुणीतरी आहे. दोघी बहिऱ्या, दोघींना एकमेकींचं ठाऊक.

ठकू आत्ता, मी हे लिहिताना, माझ्या शेजारी पालथी झोपलीय, शाळेचा गणवेश तसाच, एक पाय माझ्या वहीवर. पाय उचलला की ती ठेवते पुन्हा. ती उठायच्या आत मला त्या संध्याकाळचं लिहून संपवायचं आहे.

आम्ही घरी आलो तेव्हा माग बंद झाले होते, दिवसपाळी संपली होती. सोप्यात दिगंबर, थोरले दीर आणि अक्का वाट बघत होते. अक्कांच्या मांडीवर ठकू. मी सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेले. तांब्या घेऊन दाराशी आले तेव्हा आत्या पलंगावर बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. त्या बोलत होत्या. मला त्यांचा आवाज येत नव्हता.

आत्यांचा आवाज मला येत नव्हता, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. पण मला बाजूनं दिसलं, की आत्यांनी आपला तळवा गळ्यावर ठेवलाय. घट्ट, बोटं पसरून. मला वाटलं, त्यांचा गळा दाटून आलाय. माझ्याबद्दल बोलताना आत्यांचा गळा दाटून आलाय!

दिगंबरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी काहीतरी विचारलं. ओठ थोडेच हलले, मिशीखाली. “खरं?” एवढं मला दिसलं. “खरं आहे का?”

मी हसले. डोळे भरून आले होते माझे. मी जोरजोरात मान हलवली. “हो,” मी म्हणाले. “अगदी खरं आहे. आत्या सांगतात तसंच.”

दिगंबरांनी मान फिरवली. थोरले दीर उठून बाहेर गेले. मला वाटलं, शरमले. अक्का उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी ठकूला माझ्या कडेवर दिलं. त्यांचे डोळे ओले होते. “घे,” त्या म्हणाल्या, “आज झोपव जवळ.” मला वाटलं, पश्चात्ताप. मी त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, “अक्का, माझा राग नाही तुमच्यावर.” त्या माझ्याकडं विचित्र बघत राहिल्या.

त्या रात्री ठकू माझ्या कुशीत होती. तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवून झोपले.

सकाळी दिगंबर म्हणाले, बॅग भर, विट्याला सोडतो. मी समजले, ऑपरेशनच्या आधी चार दिवस माहेरी. किती समजून घेतलं यांनी, असंही वाटलं. “ठकू?” मी विचारलं. त्यांनी हातानंच ‘मागून’ अशी खूण केली. मोटारसायकलवर बॅग आणि मी. ठकूला अक्का आणि दीर स्कूटरवरून स्टँडवर आणतील असं मी धरून चालले. तिची दुपटी मी माझ्या बॅगेत घातली होती.

स्टँडवर विट्याची गाडी लागलेली होती. इंजिनं धडधडत होती, कंडक्टर ओरडत होते, पेरूवाल्या बायका ओरडत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं.

“अक्का कुठं राहिल्या?” मी म्हणाले. “गाडी सुटेल.”

“अक्का कशाला येईल?” दिगंबर गोंगाटावर आवाज चढवून बोलले. तो आवाज मला स्वच्छ आला. “आणि हे आता बस कर. काल तूच कबूल केलंस ना सगळ्यांसमोर?”

“काय कबूल केलं?”

“आई म्हणाली, डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत आहेत, नुसती थेंबांची चिठ्ठी दिली. म्हणाली, येताना गाडीत हिनंच कबूल केलं, काम नको म्हणून करत होते. मी तुला विचारलं, खरं आहे का. तू हसत हसत ‘हो’ म्हणालीस. हसत हसत, प्रणिता! लेकरू मरता मरता वाचलं आणि तू हसत होतीस.”

मी तिथं उभी होते आणि मला तो तळवा दिसत होता. गळ्यावर ठेवलेला. त्या रडत नव्हत्या. ज्या हातानं त्या माग ऐकायच्या त्याच हातानं स्वतःचा आवाज मोजत होत्या, माझ्यापर्यंत पोचणार नाही इतका हळू होतोय की नाही ते बघत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा.

“त्यांनाच ऐकू येत नाही!” मी ओरडले. “आत्यांना! डॉक्टरांनी न वाजवलेला काटा लावला आणि त्या येतोय म्हणाल्या. त्या ओठ वाचतात. तुम्ही पाठीमागून हाक मारून बघा. एकदा मारून बघा!”

दिगंबर माझ्याकडं बघत राहिले. मग ते खरोखरच हसले. “आई म्हणाली होती,” ते म्हणाले, “की आता ही माझ्यावर उलटेल. मलाच बहिरी ठरवेल.”

त्यांनी बॅग वर चढवली. तिकिटाचे पैसे कंडक्टरकडं दिले. गाडी हलली तेव्हा माझ्या छातीत दूध दाटून आलं होतं, ठकूला पाजायची वेळ झाली होती. पोलकं भिजलं, मी पदर ओढून घेतला. मागच्या सीटवर एक बाई दुसरीला म्हणाली, “लेकरू मागं राहिलंय वाटतं हिचं.” गाडीच्या सगळ्या खडखडाटात मला तेही ऐकू आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. सुहासनं मला पुन्हा मिरजेला नेलं. डॉक्टर मणेरीकरांनी स्वतः फोन करून दिगंबरांना बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि माझ्या कानावर नादकाटा लावून दाखवला. दिगंबर मान खाली घालून परतले. मग उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. आत्यांबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, त्या त्यांच्या पेशंट नव्हत्या. मी एकदा सांगून बसले होते, पुन्हा सांगितलं नाही. हे सगळं होईपर्यंत घाटावर सुगी होऊन गेली, ठकू चालायला लागली, बोलायला लागली. ते मी सुहासच्या फोनवर ऐकलं. ‘तिला चार शब्द येतात,’ दिगंबर म्हणाले होते. कुठले, ते मी विचारलं नाही.

दिगंबर मला न्यायला आले तो सोमवार होता. माग बंद, बोळ गप्प. मी घरात पाऊल टाकलं आणि मला घर ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ. मागच्या दारी टपकणारा नळ. माझ्याच बांगड्या. कारखान्यात आता मला कुणाचं काही कळत नाही, कान फुटतो. पण त्या दिवशी ते शांत घर मी दोन्ही हातांनी पिऊन घ्यावं तसं ऐकत उभी राहिले.

आत्या सोप्याच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, चौकटीला तळवा लावून. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मी वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात माडीवरून हाक आली.

“आई!”

एवढासा आवाज, चिरका, झोपेतून उठलेला. बंद दाराआडून आलेला. आणि तो मला ऐकू आला! तिच्या सबंध आयुष्यात तिची हाक मला शांत घरात ऐकू आलेली ती पहिलीच. मी जिना कसा चढले आठवत नाही. दार लोटलं, गुडघ्यांवर बसले, हात पसरले. “आले, बाळा. आले गं, मी आले.”

ठकू झोळीची कड धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ बाहेर काढले. मग माझ्या खांद्यावरून मागं, जिन्याकडं बघत, आणखी मोठ्यानं ओरडली.

“आई! ये!”

अक्का धावत येत होत्या. पदराला पिठाचे हात पुसत.

मी बाजूला झाले. जिन्याच्या कठड्याशी येऊन खाली पाहिलं. आत्या उंबऱ्यातच होत्या. त्यांना हाक ऐकू आली नव्हती. त्या मान वर करून माझा चेहरा बघत होत्या. एक एक रेष वाचत होत्या, ओठ वाचतात तशी. वाचून झाल्यावर त्यांनी चौकटीवरचा तळवा काढून मांडीवर घेतला आणि मान खाली घातली.